नऊ वर्षांचं खजुराचं झाड फळ का देत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. खाल्लेल्या खजुराची बी मातीत खोचली, ती उगवली, आता झाड ९ वर्षांचं झालं. झावळ्या तजेलदार, कीड-रोग काही नाही. गेली २ वर्षं पोय (खोळीतून निघणारा फुलांचा तुरा) बाहेर पडते, पांढरी सुवासिक फुलं येतात, पिठासारखी भुकटी झडते आणि सगळं वाळून जातं. फळ एकही नाही. खत कमी पडतंय का? शेंडा छाटला तर बाजूने फांद्या फुटून झाड भरेल का? आणि खोड मध्येच एका ठिकाणी बारीक झालंय, ते पुढे भरून येईल का?

आधी उत्तरं देऊन टाकतो. तुमचं झाड नर आहे. कितीही खत घाला, त्याला फळ धरणार नाही. शेंडा छाटलात तर झाड मरेल. आणि खोडाची ती बारीक कंबर जन्मभर तशीच राहील.

तीनही उत्तरं ऐकायला कडू आहेत, पण त्यामागची कारणं समजली की खजूर हे काय प्रकरण आहे ते कळतं. मी या झाडांत २६ वर्षं काढली आहेत. नव्या माणसाला मी सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगतो: याला आंबा-पेरूसारखं झाड समजू नका. खजूर एकदलवर्गीय आहे. गवत, बांबू, केळ यांच्या बाजूचा. आंब्याच्या खोडात सालीखाली एक जिवंत थर असतो, तो दरवर्षी नवं लाकूड घालतो, खोड जाड होतं, जखम भरते, कुठूनही नवा फुटवा निघू शकतो. खजुराच्या खोडात तो थरच नाही. आडवा कापलात तर वर्षांची वलयं दिसत नाहीत. सगळीकडे विखुरलेले ठिपके दिसतात. तो प्रत्येक ठिपका म्हणजे मुळापासून झावळीपर्यंत पाणी आणि अन्न नेणाऱ्या नळ्यांचा एक जुडगा. या नळ्या एकदा तयार झाल्या की त्यांच्या जागी नव्या येत नाहीत. शंभर वर्षांच्या झाडात बुंध्यापाशी अन्न वाहून नेणाऱ्या पेशी शंभर वर्षांपूर्वीच्याच असतात, आणि त्या जिवंत असतात. मला अजूनही याचं नवल वाटतं.

झाडाचा सगळा जीव शेंड्यातल्या एका कोंबात असतो. झावळ्यांच्या मधोमध, बुडख्यांच्या अनेक थरांच्या आत, पांढरा, कोवळा, कोबीच्या गड्ड्यासारखा. उंची तिथून, झावळ्या तिथून, पोयींचे डोळेही तिथूनच. तो कापला, सडला किंवा अळीने खाल्ला की त्या खोडाचा कारभार संपला. बुंध्याशी फुटवे असतील तर ते जगतात, पण मूळ खोड परत फुटत नाही. शेंडा खुडून फांद्या फोडणं ही युक्ती इथे चालत नाही, कारण खोडाच्या बाजूला फुटायला जागाच राहिलेली नसते.

हा कोंब लपवायची धडपड बी रुजते तिथपासून दिसते. खजुराची बी हातात घेऊन बघा. एका बाजूला लांब खाच असते, आणि पाठीवर मध्यभागी टाचणीच्या डोक्याएवढा एक ठिपका. गर्भ त्या ठिपक्याखाली असतो. बी रुजली की तिथून एक पांढरी नळी निघते आणि सरळ खाली, जमिनीत काही सेंटिमीटर शिरते. कोवळा कोंब त्या नळीबरोबर खाली जातो आणि तिथून मग पहिलं पान वर पाठवतो. म्हणून रोप बीच्या जागेपासून थोडं बाजूला उगवल्यासारखं वाटतं. ते पहिलं पान अखंड, लांबट, अगदी गवताच्या पात्यासारखं असतं. झावळीचा आकार यायला बराच काळ जातो. कित्येक लोक हे पातं तण समजून उपटतात. मीही पहिल्या वर्षी उपटलेली आहेत.

पुढची काही वर्षं रोप उंच होत नाही, आणि माणूस कंटाळतो. पण याच काळात जमिनीलगत कोंब रुंद होत असतो. झाड आधी आपली पूर्ण जाडी जमवतं आणि मग तेवढ्याच जाडीने वर चढायला लागतं. नंतर जाडी वाढवायची सोय नाही, त्यामुळे हे काम आधीच उरकावं लागतं. चांगलं पाणी आणि ऊन मिळालं तर खोड वर्षाला साधारण फूटभर चढतं. जुनी झाडं २० मीटरच्याही वर गेलेली असतात.

आता तुमची ती बारीक कंबर. खोडाचा प्रत्येक टप्पा त्या-त्या वर्षीच्या कोंबाच्या प्रकृतीने ठरतो. ज्या वर्षी पाणी तुटलं, झाड हलवलं, मुळं तुटली किंवा उपासमार झाली, त्या वर्षी कोंब आक्रसतो आणि तेवढं खोड बारीक निघतं. पुढच्या वर्षी पोट भरलं की वरचं खोड पुन्हा जाड येतं, पण खालचं तसंच राहतं. जुन्या बागेत उभं राहून खोडांकडे पाहिलं तर सगळ्या झाडांना एकाच उंचीवर कंबर पडलेली दिसते. तो तिथला एखादा जुना दुष्काळ असतो. तुमच्या झाडाची कंबर जमिनीपासून किती वर आहे ते मोजा आणि त्या सुमाराला काय घडलं होतं ते आठवून बघा. बहुतेक कारण सापडेल. कंबर उथळ असेल तर धोका नाही. फार खोल असेल तर पुढे वाऱ्यात खोड तिथेच मोडू शकतं, म्हणून त्याखाली बसायची जागा करू नका.

याच कारणाने खोडात खिळा ठोकू नये, दोरी आवळून बांधू नये, कुऱ्हाडीची खूण करू नये. जखमेवर नवी साल येत नाही. ती नुसती वाळते आणि कायमचं दार उघडं राहतं.

छाटणीबद्दल तुम्ही थेट विचारलं नाही, पण शेंडा छाटायचा विचार करणारा माणूस झावळ्याही छाटणार, म्हणून सांगतो. सुदृढ मोठ्या झाडावर शंभर-सव्वाशे हिरव्या झावळ्या असू शकतात. एकेक झावळी ३ ते ६ मीटर लांब असते आणि ३ ते ७ वर्षं जगते. वर्षाला १० ते २५ नव्या येतात. वाळलेली झावळी आपोआप गळून पडत नाही. ती खोडाला चिकटून लोंबते, आणि कोणी हात लावला नाही तर झाडाला घागरा घातल्यासारखा दिसतो. या वाळक्या झावळ्या काढायच्या. हिरव्या नाही.

कारण प्रत्येक झावळीच्या बगलेत एक डोळा असतो, फक्त एक. तरुणपणी बुंध्याजवळच्या झावळ्यांच्या डोळ्यांतून फुटवे निघतात. वय वाढलं की वरच्या झावळ्यांच्या डोळ्यांतून पोय निघते. काही डोळे काहीच करत नाहीत. म्हणजे खजुराचे फुटवे आणि फुलं एकाच खात्यातून निघतात, आणि ते खातं झावळ्यांच्या संख्येवर चालतं. शिवाय घड पोसायला पानं लागतात. एका घडामागे ८-९ हिरव्या झावळ्या हव्यात, असा बागायतदारांचा हिशेब आहे. शोभेसाठी झाडाला खालून साफ करून वर चारच झावळ्यांची शेंडी ठेवतात ना, तसली झाडं पाहिली की मला चीड येते. झाड मरत नाही, पण वर्षानुवर्षं अर्धपोटी राहतं, आणि त्याची साक्ष खोडावर उमटते.

झावळीच्या देठाकडचे काटे हा वेगळा विषय. ती खरं तर पानंच आहेत; झावळीच्या खालच्या भागातल्या पात्या कडक आणि टोकदार होऊन त्यांचे काटे झाले आहेत. कोंबापर्यंत पोचायचं तर या काट्यांतून जावं लागतं, आणि झाडाचा हेतू तोच असावा. टोक हातात मोडलं तर सहज निघत नाही आणि बोट काही आठवडे सुजून राहतं. झाडावर हात घालायच्या आधी देठावरचे काटे कोयत्याने तासून घ्यायचे, मग बाकीचं काम.

पात्यांवरून आणखी एक ओळख पटते. खजुराची पाती बुडाशी वरच्या बाजूने उघडी, पन्हळीसारखी दुमडलेली असते. तिच्यात पाणी टाकलं तर साचेल. नारळाची पाती उलटी, कौलासारखी असते, पाणी घरंगळून जाईल. पन्हळीची ही घडी फीनिक्स या पूर्ण कुळाची खूण आहे. त्या कुळात डझनभर जाती आहेत. खजूर म्हणजे फीनिक्स डॅक्टिलिफेरा, हे नाव लिनियसने १७५३ साली दिलं. आपली शिंदी ही त्याची जवळची बहीण, फीनिक्स सिल्व्हेस्ट्रिस. शिंदी सहसा एकाच खोडावर वाढते, बुंध्याशी फुटवे देत नाही, आणि तिच्या फळात गर नावाला, बी जास्त. शोभेसाठी जाड खोडाचं, गच्च झावळ्यांचं जे लावतात ते बहुतेक वेळा कॅनरी बेटांवरचं फीनिक्स कॅनेरिएन्सिस. या बहिणींमध्ये संकरही सहज होतो.

आता मुख्य मुद्दा, फळाचा.

खजुरात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. पपईसारखंच, पण त्याहून कडक हिशेब. बीपासून रोपं केली तर साधारण निम्मी नर निघतात. त्याच्या १८ गुणसूत्र-जोड्यांपैकी एका जोडीवर हे ठरतं, आणि पद्धत माणसासारखीच, एक्स आणि वाय. पानावरून, काट्यावरून, खोडाच्या जाडीवरून नर-मादी ओळखता येते असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. प्रयोगशाळेत डीएनए तपासून रोपाचं लिंग कळतं. ते जमत नसेल तर पहिली पोय येईपर्यंत थांबायचं.

पोय आली की मात्र शंका राहत नाही. नराच्या पोयीची खोळ आखूड आणि रुंद असते, आत आखूड तुरे दाटीने बसलेले, फुलं मेणचट पांढरी, तीन पाकळ्यांची, मंद गोड वासाची. टिचकी मारली तर पिवळट पांढरा पराग धुरासारखा उडतो. मादीची खोळ लांब आणि निमुळती, तुरे लांब, सैल, त्यांवर पिवळसर हिरवे मणी ओवल्यासारखी फुलं. पाकळ्या जवळजवळ मिटलेल्या, वास नाही, भुकटी नाही. तुम्ही पांढरी फुलं, सुवास आणि पीठ असं तिन्ही लिहिलंत, म्हणून मी फोटो न बघता नर म्हणतोय.

झाड मादी असतं आणि जवळ नर नसता, तर वेगळं चित्र दिसलं असतं. मादीच्या प्रत्येक फुलात तीन बीजकोश असतात. पराग मिळाला की त्यांतला एक वाढतो, बाकीचे दोन गळतात. पराग मिळालाच नाही तर बऱ्याचदा तिन्ही एकदम वाढू लागतात. हरभऱ्याएवढी, बिनबियांची, तिघं एकत्र चिकटलेली फळं घडावर लोंबत राहतात, आणि ती नीट पिकत नाहीत. असे तिळे मणी कुणाच्या झाडावर दिसले तर ते झाड मादी आहे आणि अडचण फक्त परागाची आहे.

लिंग आधी कळत नाही, याचं माझं आवडतं उदाहरण. मृत समुद्राजवळ मसादाच्या किल्ल्यातल्या उत्खननात सुमारे २,००० वर्षांपूर्वीच्या खजुराच्या बिया मिळाल्या होत्या. २००५ साली साराह सॅलन आणि इलेन सोलोवे या दोघींनी त्यांतल्या काही रुजवून पाहिल्या आणि एक चक्क उगवली. जगभर बातमी झाली, झाडाला मथुसेलाह नाव मिळालं. काही वर्षांनी पोय आली तेव्हा कळलं, झाड नर! मग आणखी जुन्या बिया रुजवल्या, त्यांत हॅना नावाची मादी निघाली, आणि २०२० साली मथुसेलाहच्या परागावर तिला खजूर लागले. दोन हजार वर्षं वाट पाहून तिथेही नरच निघाला; तुमची नऊ वर्षं त्यामानाने स्वस्तात गेली.

पराग निसर्गात वाऱ्याने जातो. पण वाऱ्याच्या भरवशावर राहायचं तर बागेत निम्मे नर उभे करावे लागतील, म्हणजे निम्मी जमीन आणि निम्मं पाणी बिनफळाच्या झाडांना. म्हणून माणूस हे काम फार पूर्वीपासून हाताने करत आलाय. हम्मुराबी राजाच्या कायद्यात, म्हणजे सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीच्या बाबिलोनमध्ये, परागण करायला बाग माळ्याकडे सोपवली तर उत्पन्नाचे दोन भाग मालकाचे आणि एक भाग माळ्याचा, अशी वाटणी लिहून ठेवली आहे. माळ्याने परागणात कुचराई केली आणि पीक घटलं तर शेजारच्या बागेच्या मानाने भरपाई. फुलाला नर-मादी असते हे शास्त्राने मांडण्याच्या कितीतरी आधी खजुराच्या माळ्याला ते पोटापाण्यासाठी ठाऊक होतं.

पद्धत अजून फारशी बदललेली नाही. नराची खोळ तडकू लागली की पोय उतरवायची, तुरे सावलीत सुकवायचे, पराग झाडून घ्यायचा. मादीची खोळ उघडली की तिच्या तुऱ्यांमध्ये नराचे दोन-चार तुरे उलटे खोचून सैलसर बांधायचे, किंवा पराग टाल्क पावडरीत अथवा मैद्यात मिसळून फुंकणीने मारायचा. खोळ उघडल्यावर पहिले तीन-चार दिवस सोन्याचे. आठवड्यानंतर फळधारणा झपाट्याने घसरते, जातीनुसार थोडं इकडेतिकडे. सगळ्या पोयी एका दिवशी उघडत नाहीत, त्यामुळे प्रत्येक झाडावर अनेकदा चढावं लागतं. उशिरा उघडणाऱ्या मादीसाठी पराग कोरडा करून हवाबंद बाटलीत फ्रीजमध्ये ठेवता येतो, पुढच्या हंगामापर्यंतही. ओल राहिली तर बुरशी धरते आणि मग तो कुचकामी. एका चांगल्या नरावर ४०-५० माद्या निघतात.

आणि नर कसाही चालत नाही. कोणत्या नराचा पराग वापरला यावर बी लहान-मोठी होते हे समजण्यासारखं आहे, कारण बी दोघांची. पण खजुरात फळाचा गर, आकार आणि पिकण्याची वेळही परागाप्रमाणे बदलते, जरी गर हा पूर्णपणे आईचा असतो. वॉल्टर स्विंगल या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२८ साली याला मेटाझेनिया हे नाव दिलं. व्यवहारात याचा अर्थ असा की चांगला नर सांभाळून ठेवण्यासारखा असतो. तुमच्या नराची फुलं टिचकीसरशी गळून पडत नसतील आणि परागाचं प्रमाण भरपूर असेल, तर तो कुणाच्या तरी बागेला उपयोगी पडेल.

समजा तुमचं झाड मादी निघालं असतं, तरी ज्या खजुराची बी टाकली तसं फळ मिळालं नसतं. बीपासून आलेलं प्रत्येक झाड नवं असतं, आणि बहुतेक वेळा आईहून हलकं. मेजूल, बार्ही, खलास, डेग्लेट नूर ही सगळी नावं एकेका मूळ झाडाची आहेत; त्याच झाडाचे फुटवे काढून, फुटव्यांचे फुटवे काढून शेकडो वर्षं पसरवलेली. मोरोक्कोत बायूद नावाच्या मररोगाने बागाच्या बागा वाळत होत्या, तेव्हा याच स्विंगलने १९२७ साली मेजूलचे ११ फुटवे अमेरिकेत नेले. त्यांतले ९ जगले. अमेरिकेतला मेजूल मुख्यतः त्या नऊंचा वंश आहे.

फुटवे झाडाच्या पहिल्या १०-१५ वर्षांतच येतात, सगळे मिळून दहा-वीस, कधी तीस. नंतर डोळे पोयीकडे वळतात आणि ही खाण बंद होते. फुटवा तीन ते पाच वर्षांचा होऊ द्यायचा, त्याच्या बुडाशी ओली माती लावून स्वतःची मुळं धरू द्यायची आणि मग धारदार पहारीने आईपासून तोडायचा. घाई केली की मरतो. लावताना बुडाचा सगळ्यात जाड भाग मातीच्या पातळीला यावा. खोल लावला आणि गाभ्यात पाणी गेलं की कोंब कुजतो. नव्या लावणीत फुटवे मरण्याचं हे अगदी नेहमीचं कारण. आणि हे लक्षात ठेवा: तुमच्या झाडाच्या बुंध्याशी जे फुटवे आहेत ते सगळे नरच.

आता टिश्यू कल्चरची, म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं मिळतात. एकसारखी, रोगमुक्त, हव्या तितक्या संख्येने. मी स्वतः वापरतो. पण एकदा एका रोपवाटिकेकडून घेतलेल्या बार्हीच्या खेपेत काही झाडं अशी निघाली की पराग व्यवस्थित देऊनही बिनबियांचे तिळे मणीच धरत होती. हा दोष त्या तंत्रात कधीकधी होतो, आणि तो रोपात दिसत नाही. पोय आल्यावर, म्हणजे चार-पाच वर्षांनी दिसतो. तोवर पावतीही सापडत नाही.

फळाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण खजूर आणि खारीक ही दोन वेगळी झाडं आहेत असं समजणारे बरेच जण भेटतात. झाड एकच. परागणापासून पूर्ण पिकेपर्यंत सहा-सात महिने जातात, आणि त्या प्रवासाच्या टप्प्यांना अरबी नावं आहेत जी जगभर तशीच वापरतात. हबाबूक म्हणजे नुकतं धरलेलं, वाटाण्याएवढं. किमरी म्हणजे हिरवं, कडक, तुरट; यात फळ आकार आणि वजन भरतं, हा सगळ्यात लांब टप्पा. खलाल म्हणजे पूर्ण वाढलेलं, पिवळं किंवा लाल, करकरीत. रुतब म्हणजे टोकापासून मऊ आणि तपकिरी व्हायला लागलेलं. तमर म्हणजे झाडावरच पाणी आटून टिकाऊ झालेला खजूर. खलाल अवस्थेतली फळं उकळून उन्हात वाळवली की खारीक होते. काही कोरड्या जाती मात्र झाडावरच तशा होतात.

खलालमध्ये साखर भरलेली असते, पण टॅनिन या तुरट द्रव्यामुळे घसा धरतो. रुतब होताना टॅनिन न विरघळणाऱ्या रूपात जातं, म्हणजे ते फळातच राहतं पण जिभेला कळत नाही. बार्ही ही बसऱ्याकडची जात खलाल असतानाही तुरट लागत नाही, म्हणून ती पिवळी, करकरीत असतानाच खातात. बहुतेक मऊ जातींत साखर पिकताना ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये मोडते. डेग्लेट नूरमध्ये बरीचशी साखर उसाच्या साखरेच्या रूपातच राहते आणि म्हणून तिची चव वेगळी.

या शेवटच्या टप्प्यात पाऊस हा शत्रू. फळ तडकतं, आंबतं, काळं पडतं. कच्छमध्ये फळ पिकायच्या सुमारास पावसाळा येतो, म्हणून तिथे खलाल अवस्थेतच घड उतरवतात. जिथे तेव्हा पाऊस पडतो तिथे खजुराचं झाड छान वाढतं, फुलतं, फळ धरतं, आणि नेमका खजूर होत नाही.

पाय पाण्यात आणि डोकं आगीत, अशी खजुराबद्दल अरबी म्हण आहे. तिच्यातला पहिला अर्धा भाग लोक विसरतात. खजूर वाळवंटात उगवतो म्हणजे त्याला पाणी लागत नाही, हा गैरसमज. तो ओअॅसिसचा रहिवासी आहे. तिथे वर आग असते, पण खाली पाणी जवळ असतं. मुळं तंतुमय, केसमुळं जवळजवळ नाहीत, काही मुळं ६ मीटरपर्यंत खोल जातात, पण पाणी मुख्यतः वरच्या दोन मीटरांतून घेतात. मुळांच्या आत हवेच्या पोकळ्या असतात, त्यामुळे काही काळ पाणी साचलं तरी झाड गुदमरत नाही. पाणी तोडलं तर ते मरत नाही, नुसतं थांबतं. झावळ्या कमी, पोयी कमी, आणि खोडाला कंबर. खारं पाणी मात्र फळझाडांत त्याच्याइतकं कुणी सोसत नाही: मातीची क्षारता ४ डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत (माती-परीक्षणात क्षार याच मापात मोजतात) उत्पन्नाला धक्का नाही, आणि १८ च्या आसपास गेली तरी निम्मं पीक हाती येतं. उन्हाळ्यात ५० अंश सोसतो, थंडीत १० अंशांखाली वाढ थांबवतो. थोडा वेळ शून्याखाली गेलं तर झावळ्या करपतात, पण बुडख्यांच्या गोधडीत कोंब बहुधा वाचतो.

एका शत्रूपुढे ही गोधडीही पुरत नाही. लाल सोंड्या भुंगा. मूळचा दक्षिण आणि आग्नेय आशियातला, १९८० च्या दशकात आखातात पोचला, तिथून भूमध्य समुद्राच्या काठापर्यंत. मादी ताज्या जखमेत अंडी घालते आणि अळ्या खोड आतून पोखरतात. बाहेरून झाड हिरवं असतं. मधली झावळी ओढली आणि सहज हातात आली, किंवा शेंडा एका बाजूला कलला, तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. आधी ओळखायचं तर बुंध्यावरच्या छिद्रातून गळणारा आंबूस वासाचा तपकिरी चिकट रस आणि भुसा बघा. रात्री शांततेत खोडाला कान लावला तर कुरतडल्याचा आवाजही येतो. म्हणून हिरव्या झावळीचा किंवा फुटव्याचा ताजा काप उघडा ठेवू नका, त्यावर बुरशीनाशक आणि लेप लावा, आणि भुंगे फार उडत असतील त्या दिवसांत छाटणीच करू नका.

आता तुमच्या झाडाचं काय करायचं. सावली आणि शोभा हवी असेल तर आहे तसं ठेवा. नर झाडाला घड पोसायचे नसल्याने ते जोमात राहतं आणि खाली चिकट फळांचा सडा पडत नाही. फळ हवं असेल तर ओळखीच्या मादी जातीचा तीन-चार वर्षांचा फुटवा किंवा टिश्यू कल्चरचं रोप आणा. नरापासून ८-९ मीटर अंतर ठेवा, भरपूर ऊन असू द्या, बुंध्याभोवती आळं करा पण पाणी गाभ्याला लागू देऊ नका. चौथ्या-पाचव्या वर्षी पहिली पोय येईल. ती एक-दोन घडांपुरतीच ठेवा, बाकीच्या काढून टाका. खोळ तडकली की त्याच आठवड्यात तुमच्या नराचे तुरे त्यात खोचा. तोपर्यंत दर हंगामात नराची पहिली पोय कोणत्या तारखेला उघडते ते भिंतीवर लिहून ठेवत चला. तो मादीच्या आधी फुलतो की मागून, यावर पराग साठवावा लागेल का ते ठरेल.